फॉर्म परत का येत नाहीत, आणि मुलाखत कुणाची घ्यायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोपरखैरण्याला राहता, समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि डिझर्टेशनला ‘बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांवरील ताणतणाव’ हा विषय घेतला आहे. गाइडनी ६० जणांचा नमुना सांगितलाय. दोन शाळांनी नाही म्हटलं. एका शाळेने ४० फॉर्म वाटू दिले, त्यातले ९ परत आले. उरलेले पालक लवकर कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलं आहे. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलं आहे: ‘मुलांची मुलाखत घेण्याचा प्रश्नच येत नाही, आईकडून सगळं कळतंच.’

मी ठाण्यात विशेष शिक्षण आणि पालक-मार्गदर्शनाचं काम करते. सुरुवात लहान मुलांपासून केली, आता बराचसा वेळ अठराच्या पुढच्या मुलामुलींच्या कार्यशाळेत, म्हणजे शाळा संपल्यावर ती जिथे रोज येऊन काम करतात तिथे, जातो. संशोधनाची परवानगी मागणाऱ्या विद्यार्थ्यांचे अर्ज माझ्यासमोर येतात, त्यामुळे हा विषय जवळचा आहे आणि उत्तर लांबणार आहे. पालक कुठे मिळतील ते सांगतेच. पण तुमची अडचण त्या शेवटच्या वाक्यापाशी सुरू होते असं मला वाटतं, म्हणून सगळ्यात जास्त त्याच्यावर लिहीन.

आधी फॉर्मचं बघू. विशेष शाळेच्या बाहेर, पायऱ्यांवर किंवा व्हरांड्यात बसलेल्या आया तुम्ही पाहिल्या असतील. दिवा, कळवा, मुंब्र्याहून मुलाला घेऊन आलेली आई परत घरी जात नाही, कारण घरी पोचेपर्यंत पुन्हा निघायची वेळ होते. ती शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे वेळच वेळ आहे. खरं तर दिवसभरात तिचा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ असतो. त्यात ती भाजी निवडते, दुसरीला विचारते की तुझं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आलं का, निरामय आरोग्य विम्याचं नूतनीकरण कुठे करायचं, घडीभर भिंतीला पाठ टेकते. त्या वेळात तुमचा सात पानी फॉर्म येतो. त्यात वाक्य असतं: ‘माझ्या मुलामुळे माझं आयुष्य वाया गेलं असं मला वाटतं’, आणि पुढे पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच चौकोन. हे शेजारणीच्या देखत वाचायचं, खूण करायची, आणि पान वर्गातल्या बाईंच्या हातात द्यायचं. बाई ते वाचतील, आपल्या मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतील, ही भीती तिने कधी बोलून दाखवली नाही तरी असते. शिवाय आधी आलेल्या विद्यार्थ्यांनी फॉर्म भरून घेतले आणि पुढे त्यांचं काय झालं हे कुणी येऊन सांगितलं नाही. ९ जणींनी तुमचा फॉर्म भरून दिला हेच मला विशेष वाटतं.

शाळांच्या नकाराचंही वाईट वाटून घेऊ नका. मुख्याध्यापिकेला पालकांच्या वतीने विचार करावा लागतो. तिच्या हातात बहुतेक वेळा कॉलेजचं पत्र आणि विषयाचं नाव एवढंच येतं. मुलांच्या फाइली बघणार का, फोटो काढणार का, कुणी रडायला लागलं तर काय करणार, निष्कर्ष शाळेला येऊन सांगणार का, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ही उत्तरं एका पानावर लिहून त्याच शाळांकडे परत जा. नाही म्हणालेली शाळा पुन्हा बोलायला तयार होते, हे मी बघितलं आहे.

आता विषय. पालकांवर ताण असतो का, हे शोधायला ६० फॉर्मची गरज नाही. ते फार पूर्वीपासून माहीत आहे. मॅक्कबिन आणि पॅटरसन यांनी १९८३ साली कौटुंबिक ताणाचं जे प्रारूप मांडलं, त्यात अडचण किती मोठी आहे याच्याइतकंच वजन घराकडे आधार कोणता आहे आणि घर त्या अडचणीकडे कसं बघतं, या गोष्टींना दिलं होतं. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस बेकर, जॅन ब्लाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकास किती मागे आहे यापेक्षा मुलाच्या वर्तनातल्या अडचणींशी पालकांच्या ताणाचा संबंध जास्त घट्ट आहे, असं त्यात दिसलं. माझा अनुभवही हाच आहे. सारख्याच बुद्ध्यांकाची दोन मुलं असतात. एक रात्री झोपतं, दुसरं दोन वाजता उठून दार वाजवतं. त्या दोन घरांचा ताण एका रकान्यात बसत नाही. त्यातही दुसरं मूल किसननगरच्या चाळीत राहत असेल तर शेजारची आजी त्याला ओळखते, दार वाजलं तरी कूस बदलून झोपते. तेच मूल घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये असेल तर सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आलेली असते. कधी याच्या अगदी उलटही असतं: चाळीत टोमणे, टॉवरमध्ये समजूतदार शेजार. तुमच्या स्केलमध्ये, म्हणजे ताण मोजायच्या प्रश्नावलीत, झोपेचा आणि शेजाऱ्याचा प्रश्न आहे का, ते एकदा बघा.

मला विचाराल तर ‘ताण’ हा शब्द शीर्षकातून काढा आणि एखादा टप्पा निवडा. अठरावं वर्ष घ्या. लहान वयात ठाणे-नवी मुंबईत जायला निदान काही दारं आहेत. ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ शाळा आहे, नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं वाशीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, शिवाय खाजगी आणि अनुदानित शाळा आहेत. अठरा झाले की शाळा संपते आणि घरातलं गणितच बदलतं. कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर मुलगा दिवसभर घरी. आईने मुलाच्या शाळेच्या वेळात धरलेलं छोटं काम सुटतं. मुलीच्या बाबतीत तर घरात एकटं ठेवायचं की नाही हा प्रश्न रोजचा होतो. आणि आईवडिलांच्या डोक्यात ‘आमच्यानंतर काय’ हे सुरू होतं. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ हे निवासी केंद्र उभं राहिलं ते पालकांनीच या प्रश्नावर एकत्र येऊन काही करायचं ठरवलं म्हणून. ‘शाळा संपल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत घरात काय बदललं’ असा विषय घेतलात तर पालकांना सांगण्यासारखं खूप असतं आणि ते आपणहून बोलतात. मुख्य म्हणजे हा प्रश्न त्या मुलालाही विचारता येतो.

‘आईकडून सगळं कळतंच’ यावर आता बोलते. आईला पुष्कळ कळतं. आकडी कधी सुरू झाली, कोणतं औषध चालू आहे, काय खाल्लं की पोट बिघडतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, कोण मित्र वाटतो, हे तिचं त्याच्याबद्दलचं मत असतं. एखाद्याच्या वतीने दुसऱ्याने दिलेली उत्तरं बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींबाबत बऱ्यापैकी जुळतात आणि मनातल्या गोष्टींबाबत कमी जुळतात, हे जीवनाच्या गुणवत्तेवरच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. आमच्या कार्यशाळेतला एक तरुण घ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई सांगते, ‘त्याला कार्यशाळा फार आवडते, रविवारीसुद्धा बॅग घेऊन बसतो.’ त्याच्यापुढे आम्ही कार्यशाळेतल्याच जागांचे आणि कामांचे फोटो ठेवले, ‘आवडतं’ आणि ‘नको’ असे दोन ट्रे ठेवले. डब्याच्या वेळेचा फोटो, शेजारी बसणाऱ्या मुलाचा फोटो आणि गेटवरच्या वॉचमनकाकांचा फोटो ‘आवडतं’मध्ये गेला. पाकिटं चिकटवण्याचा फोटो, म्हणजे तो दिवसातले तीन तास जे करतो ते काम, ‘नको’मध्ये. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून विचारलं, तरी तेच. आई खोटं बोलत नव्हती; बॅग घेऊन तो बसतोच. पण आम्ही नुसतं आईला विचारून थांबलो असतो तर अहवालात ‘कामाबद्दल समाधानी’ असं लिहिलं गेलं असतं, आणि त्याचं काम बदलण्याचा विचार कुणाच्या मनात आला नसता.

विचारण्याचं एक तंत्र आहे आणि ते शिकून घ्यावं लागतं. अमेरिकेत कॅरल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं की बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना हो-नाहीचे प्रश्न विचारले तर उत्तर ‘हो’कडे झुकतं, एकमेकांच्या अगदी उलट अशा दोन प्रश्नांनाही त्या ‘हो’ म्हणतात. याचं कारण नुसती समज कमी पडते हे नाही. मोठ्या माणसाला ‘हो’ म्हटलं की तो खूश होतो, विषय संपतो, हे या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं गेलेलं असतं. आपल्याकडे तर ‘शहाण्यासारखं हो म्हण’ हेच वळण. दोन पर्याय तोंडी दिले, ‘घरी बरं वाटतं की कार्यशाळेत?’, तर शेवटचा शब्द परत म्हटला जाण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे पर्याय तोंडी देण्यापेक्षा समोर ठेवा, फोटो किंवा वस्तू. फोटो त्याच्याच जागेचे हवेत. इंटरनेटवरचं परक्या ऑफिसचं चित्र त्याला काही सांगत नाही. प्रश्न आत्ताबद्दलचा किंवा कालबद्दलचा असू द्या. ‘गेल्या सहा महिन्यांत किती वेळा’ असले प्रश्न तुम्हा-आम्हालाही जड जातात. ‘का?’ शक्यतो टाळा, ते दरडावल्यासारखं वाटतं. त्याऐवजी ‘मग काय झालं?’ विचारा. महत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या दिवशी, उलट बाजूने, पुन्हा विचारा. आणि गप्प बसायला शिका. उत्तर यायला वीस-तीस सेकंद लागतात, तेवढ्यात आपण प्रश्न बदलून टाकतो आणि त्याची जुळवाजुळव मोडते.

आई शेजारी असावी की नसावी, हे माणसावर अवलंबून आहे. काही जण आईशिवाय तोंड उघडत नाहीत, तिथे तिला जवळ बसू द्या पण तिची मुलाखत आधी घेऊन टाका, म्हणजे मध्ये उत्तर देण्याची निकड तिला वाटत नाही. काही जण आई समोर असेपर्यंत तिच्याकडेच बघत राहतात. तिथे ओळखीच्या शिक्षिकेला बोलवा, दार उघडं ठेवा. पहिली भेट मुलाखतीसाठी वापरू नका. त्याच्याबरोबर काम करा, डबा खा, त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते ते विचारा. पंचवीस वर्षांच्या माणसाला सगळे ‘बाळा’ म्हणत असतात. तुम्ही त्याला त्याच्या नावाने हाक मारलीत तर तो तुमच्याकडे वेगळ्या लक्षाने बघतो.

जे बोलत नाहीत, ज्यांची अक्षमता अतितीव्र आहे, त्यांचं काय? त्यांच्याबाबतीत मुलाखत होणार नाही, हे मान्य करते. तिथे निरीक्षण करावं लागतं: दिवसाच्या कोणत्या वेळी चेहरा खुलतो, कोणत्या स्पर्शाला हात मागे जातो, कोण आलं की आवाज बदलतो. हे आई, शिक्षिका आणि मावशी यांच्याकडून वेगवेगळं टिपून जुळवता येतं. फक्त अहवालात स्पष्ट लिहा की हे उत्तर आईचं आहे, हे शिक्षिकेचं आहे, हे तुमचं निरीक्षण आहे. ‘मुलांनी सांगितलं’ या शीर्षकाखाली आयांची उत्तरं घालणं मला अन्यायाचं वाटतं.

संमतीचा भाग तुमच्या प्रश्नात आलेलाच नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तो सगळ्यात आधी येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ मध्ये म्हटलं आहे की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिची स्वतःची, मुक्त आणि समजून दिलेली संमती हवी, आणि ती तिला कळेल अशा पद्धतीने घेतलेली हवी. त्याशिवाय शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगीही त्याच कलमात आहे, आणि त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असले पाहिजेत. तुम्ही फक्त पालकांना प्रश्न विचारलेत तरी मुलाची माहिती, त्याचं निदान, त्याचं वर्तन तुमच्या वहीत येणारच. तेव्हा कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे (संशोधन नीतिनियमांत बसतं का ते बघणारी समिती) जा, कलम ६ दाखवा आणि ते तुमच्या अभ्यासाला कसं लागू करायचं ते त्यांच्याकडून लेखी घ्या. गाइडना हे आधी सांगा, शेवटच्या महिन्यात नको.

वयाचा मुद्दा इथे फार घोळाचा आहे. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साधारण सात वर्षांपुढे मुलाचा तोंडी आणि बारापुढे लेखी होकारही घ्यायचा असतो. अठरा पूर्ण झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बहुतेक घरांना हे माहीतच नसतं. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. ज्यांनी अर्ज केला त्यांच्याकडे तो कागद असतो, बाकीच्यांकडे नसतो. म्हणून तेवीस वर्षांच्या मुलाच्या अभ्यासासाठी नुसती वडिलांची सही घेऊन काम झालं असं समजू नका. कागद असला तरी मुलाला विचारायचंच.

कसं विचारायचं? माहितीपत्रक त्याच्यासाठी वेगळं करा. एक पान, मोठा टाइप, एका ओळीत एक गोष्ट, शेजारी चित्र: हा माझा फोटो, मी तुझ्याशी बोलणार, मी लिहून घेणार, तू ‘बास’ म्हणालास की मी थांबणार. वाचून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नका, त्याला ‘हो’ येणारच. ‘मी काय करणार आहे, सांग बघू’ असं विचारा. ‘बास’साठी एक लाल कार्ड त्याच्या हाताशी ठेवा आणि सुरुवातीला एकदा मुद्दाम वापरायला लावा, म्हणजे खरंच थांबता येतं यावर त्याचा विश्वास बसतो. तोंडाने ‘हो’ म्हणून खुर्ची मागे ढकलणारा, दाराकडे बघणारा, बॅगेशी चाळा करणारा माणूस नाही म्हणतोय. तिथे वही मिटायची. नमुना ६० चा ५९ झाला तरी चालेल.

याचा एवढा आग्रह का, हे समजून घ्यायला लांब जायला नको. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवर पुण्यात ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा महाराष्ट्रभर वादळ उठलं. करणाऱ्यांच्या मते ते मुलींच्या स्वच्छतेसाठी, सोयीसाठी होतं. त्या मुलींना कुणी काय विचारलं होतं, हा प्रश्न तेव्हा स्त्री संघटनांनी लावून धरला. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक संस्थेत पन्नासच्या दशकापासून पुढे बरीच वर्षं अशा मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करून अभ्यास झाले. तिथे पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या. तुमची प्रश्नावली कुणाला इजा करणार नाही हे मला ठाऊक आहे. पण ‘पालकांची सही आहे ना’ या वाक्यावर सगळं सोडून देण्याची सवय तिथूनच आलेली आहे, आणि ती विद्यार्थिदशेतच मोडावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे इथवरचं सांगायचं तर विषय आटोपशीर करा, त्यात त्या व्यक्तीला स्वतःला बोलता येईल असा प्रश्न ठेवा, आणि परवानगी व संमतीचं काम आधी उरका. आता आकड्यांकडे येते.

६० हा आकडा लागेल की नाही, ते तुमच्या पद्धतीवर आहे. स्केल वापरून सरासऱ्या काढायच्या असतील तर गाइडचं म्हणणं रास्त आहे. मी सुचवतेय तसा टप्प्याचा अभ्यास केलात तर बारा-पंधरा घरं, प्रत्येक घरातले दोघे-तिघे आणि एकाहून जास्त भेटी, यातून जास्त हाती लागेल. विद्यापीठाच्या नियमात ते बसतं का, हे मात्र तुम्हालाच बघावं लागेल. आकडे घेतलेत तरी ‘ठाणे जिल्ह्यातील पालक’ असं शीर्षक देऊ नका. तुमच्याकडे येणारे सगळे शाळेत पोचलेले असणार. २०११ च्या जनगणनेत देशभरात बौद्धिक दिव्यांग म्हणून सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले. हा आकडा खरा असण्यापेक्षा फार लहान आहे असं या क्षेत्रात काम करणारे जवळपास सगळेच मानतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणच्या भारतीय अभ्यासात २ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी संबंधित अडचणी साधारण दर आठ मुलांत एकाला आढळल्या. त्यात ऐकण्याच्या दोषापासून आकडीपर्यंत बरंच काही मोजलं होतं, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तरी घरात राहिलेली, कुठेच न नोंदलेली मुलं किती असतील याचा अंदाज येतो. ती तुमच्या नमुन्यात नाहीत, हे वाक्य मर्यादांच्या प्रकरणात पहिलं यायला हवं.

एक तांत्रिक गोष्ट, कारण ही चूक मला डिझर्टेशनमध्ये सारखी दिसते. दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी म्हणजे बुद्ध्यांक नव्हे. बुद्ध्यांक किंवा सामाजिक परिपक्वतेचा अंक जितका कमी, तितकी टक्केवारी जास्त. आणि ती टप्प्यांनी दिली जाते: सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. या अंकांची सरासरी काढून ‘नमुन्याची सरासरी ७८.३ टक्के’ असं लिहिणं निरर्थक आहे; किती जण कोणत्या टप्प्यात ते लिहा. मुलांची बुद्धिमापन चाचणी नव्याने घेऊ नका. तो तुमचा अधिकार नाही आणि मुलालाही त्याचा त्रास होतो. फाइलीत बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीचा किंवा व्हाइनलँड या सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीच्या, नागपूरच्या मलिन यांनी केलेल्या भारतीय रूपांतराचा अहवाल असतो, तो परवानगीने बघा. कुटुंबाच्या गरजांसाठी परदेशी स्केल भाषांतरित करत बसण्यापेक्षा सिकंदराबादच्या संस्थेने भारतीय कुटुंबांसाठी बनवलेली गरजांची अनुसूची आहे, ती खारघरच्या केंद्रात विचारा.

आता पालक. शाळेच्या व्हरांड्यातल्या आयांना फॉर्म देऊ नका, त्यांच्यात जाऊन बसा. दोन-तीनदा गेलात की त्या स्वतः विचारतील, ‘तुम्ही काय लिहिताय ताई?’ प्रश्न तुम्ही वाचा, उत्तर तुम्ही लिहा, एकेकटीशी, बाजूला. घणसोली-दिवाळे भागातल्या आगरी-कोळी घरात पुस्तकी मराठी प्रश्न अडखळतात. तिथलीच एखादी मैत्रीण बरोबर घ्या आणि प्रश्न आधी तिच्याकडून बोलून घ्या. वडील हवे असतील तर रविवारी दुपारी घरी जावं लागतं. माथाडी, रिक्षा, कंपनीची पाळी, कोणीही आठवड्यात भेटत नाही. म्हणून ‘पालक’ असं शीर्षक देऊन विद्यार्थी फक्त आयांवर लिहितात. बहीणभावांना विसरू नका. ‘आमच्यानंतर’चा प्रश्न शेवटी त्यांच्याकडेच जाणार असतो, आणि त्यांना त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. ट्रान्स-हार्बरने कुणाला तुमच्याकडे बोलावलंत तर भाडं द्या. भाड्याहून मोठी रक्कम देऊ नका, ज्या घराला पैशाची निकड आहे त्याला मग ‘नाही’ म्हणता येत नाही.

गुप्ततेचं वचन देताना जपून. नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. ‘दिव्यात राहणारी, डाउन सिंड्रोम असलेली १९ वर्षांची मुलगी, वडील रिक्षाचालक’ एवढं लिहिलंत की शाळेतल्या प्रत्येकाला ती कोण ते कळतं. आणि ‘काहीही सांगा, कुणाला कळणार नाही’ असं कधीच म्हणू नका. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं, तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. हे माहितीपत्रकात आधीच लिहा: कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं दिसलं तर मला ते सांगावं लागेल. त्याचबरोबर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक त्या कागदावर असू द्या. बोलता बोलता आई रडते, हे घडणारच. पेन खाली ठेवा, पाणी द्या, पुढचा प्रश्न विचारू नका. त्या दिवशी मुलाखत झाली नाही तरी चालेल, पण दोन दिवसांनी फोन करून ती कशी आहे ते विचारा.

निष्कर्ष परत येऊन कधी सांगणार ती तारीख शाळेला दिलेल्या पानावरच लिहा. काम संपल्यावर पालकसभेत अर्धा तास मागून घ्या आणि तुम्हाला काय दिसलं ते साध्या मराठीत सांगा. ज्या तरुणांशी बोललात त्यांच्यासाठी त्याच फोटोंचं एक पान करा. दिवाळीच्या सुट्टीआधी व्हरांड्यातलं बसणं-उठणं सुरू झालं आणि एथिक्स कमिटीकडे अर्ज गेला, तर जानेवारीपर्यंत मुलाखती होतील. फेब्रुवारीनंतर शाळा स्नेहसंमेलन आणि मूल्यमापनात अडकतात, तेव्हा कुणाला वेळ नसतो. मुलांसाठीच्या माहितीपत्रकाचा कच्चा मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून सांगेन. त्याआधी तो एखाद्या कार्यशाळेतल्या दोघातिघांना दाखवा, आणि ज्या ओळीवर ते थांबतील ती ओळ बदला.